मांजरीच्या पोटातलं पाणी

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या वर्षी एक डॉक्टरीणबाई होत्या. उंच, काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पुढं जे सांगणार आहे ते त्यांच्यामुळं सांगता येतंय, म्हणून आधी त्यांना नमस्कार. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. लिहिताना काही चुकलं तर दोष माझा. त्यांनी मला सगळं नीट समजावलं होतं.

मी इस्लापूरकडची. लग्नानंतर नवऱ्याला उदगीरच्या डाळमिलमध्ये काम लागलं आणि आम्ही आपला जिल्हा सोडून पार पलीकडच्या मुलखात आलो. भाषा मराठीच, पण मधेच कानडी यायची आणि मी गप्प व्हायची. त्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आलं. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल ते देवालाही ठाऊक नसायचं. त्याच दिवसांत उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती. आमच्या घरमालकीण अक्का किराणा दुकान चालवायच्या. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आवाज खणखणीत. त्यांच्या ओट्यावर माणसं बसायची आणि कलेक्टर कचेरी कुठं बांधायची ते ठरवून टाकायची. अक्का आतून ओरडायच्या, "जिल्हा मागून करा रे, आधी हा रांजण भरा!"

अक्कांची एक मांजरी होती. राखाडी, वर्षाची असेल नसेल. मला तिथं कोणी ओळखत नव्हतं तेव्हा पहिल्यांदा तीच येऊन पायाशी बसली. चैत्रात तिचं पोट दिसू लागलं.

"दुष्काळात घरात बाळंतपण म्हणजे बरकत हाय गं," अक्का म्हणाल्या. त्यांनी तिच्या कपाळाला विभूतीचं बोट लावलं, दूधभात कालवला. गल्लीतल्या बायका येऊन पोट बघून गेल्या. कोणी तीन सांगितली, कोणी पाच. मग अक्का बिदरला लेकीकडं आठ दिवस निघाल्या. एसटीत चढता चढता म्हणाल्या, "पोरी, हिला जप. पहिलटकरीण हाय."

त्या दुपारी आठवल्या की अजून झोपेत चालल्यासारखं वाटतं. गल्ली निपचित. वरचे पत्रे उन्हानं कडकड वाजायचे. ओल्या पोत्यावर ती आडवी आणि शेजारी मी. तिच्या पोटावर हात ठेवला की आत काहीतरी सावकाश इकडून तिकडं जायचं, नदीच्या डोहात होडी हलावी तसं. पिल्लंच वळताहेत असं मला वाटायचं. मी डोळे मिटायची. मला गावाकडचं जंगल दिसायचं, सागाची पानं दिसायची, आणि त्या पानांवरून चालणारी इवली राखाडी पिल्लं.

माझी आई गावात बाळंतपणं करायची. तिचं बघून मी मांजरीचं पोट कोमट तेलानं चोळायची, चमच्यानं ओव्याचं पाणी पाजायची. माझ्या घागरीतलं पाणी फडक्यानं गाळून तिच्या वाटीत ओतायची. चौथ्या दिवशी तिनं दुधाला तोंड लावलं नाही. कान तव्यासारखे तापलेले. पोट वाढत होतं आणि पाठीचा कणा मात्र हाताला टोचायला लागला होता. गाभण जनावर असं वरून वाळत नाही, एवढं मला कळत होतं.

शेजारची मावशी भिंतीवरून डोकावली. "काय पाजायलीस गं तिला? हातून मांजर मेली तर सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागती. हाय का सोनं?"

ती हसून गेली. मी तिथंच बसले. अक्कांच्या घरात राहून अक्कांची मांजरी मी मारली, हे डोक्यात पक्कं बसलं. टोपलीत जुनं लुगडं घातलं, तिला ठेवलं आणि उन्हात निघाले.

दवाखान्यात नुसती हाडं निघालेली जनावरं. एक म्हातारे शेतकरी मला बघून म्हणाले, "बैलाला चारा न्हाई, अन् ही मांजर मिरवायली!"

"रांग मांजरीलाही असते, मामा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या ताई, आत."

त्यांनी पोटाच्या एका बाजूला तळहात ठेवला आणि दुसऱ्या बाजूला हलकी टिचकी मारली. माझाही हात धरून ठेवायला लावला. टिचकी मारली की आतून एक लाट येऊन माझ्या हाताला लागायची.

"पिल्लं नाहीत, ताई. पाणी आहे."

गावात घोटभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि हा एवढासा जीव पोटात डोह घेऊन फिरत होता.

सुईनं थोडं पाणी काढलं. करडईच्या तेलासारखं पिवळं, बोटांत धरलं तर तार सुटणारं. मग त्यांनी काचेच्या नळीत इंजेक्शनचं स्वच्छ पाणी घेतलं, त्यात सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, आम्लाचा एक थेंब टाकून हलवलं. नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि वरून तो पिवळा थेंब अलगद सोडला.

"विरघळून गेला तर बरं. आकार धरून राहिला तर वाईट," त्या म्हणाल्या.

तितकं स्वच्छ पाणी मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. थेंब वरती थांबला. मग छोटी शेपटी सोडत, धुक्याचा मणी असावा तसा खाली यायला लागला. जा, विरघळ, असं मी मनात म्हणत होते. तो विरघळला नाही. तळाशी जाऊन बसला. भीतीच्या त्या वेळीही तो मला सुंदर दिसला, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

"एवढ्यावरून नक्की म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "सुई देते, ताप उतरतो का बघू. रक्त तपासायला पाठवते. तीन दिवसांनी या."

ताप उतरला नाही. निरोप मिळाल्यावर अक्का लवकर परत आल्या, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून सांगितलं, "वय लहान, ताप हटत नाही, पोटातलं पाणी असं चिकट, आणि रक्तही तेच सांगतंय. कोरोना नावाचा विषाणू असतो. पुष्कळ मांजरांच्या आतड्यात असतो. थोडी हगवण होते, नाहीतर काहीच नाही. एखादीच्या अंगात मात्र तो पलटतो. त्याचा हा आजार."

अक्का माझ्याकडं वळल्या. "तू काय पाजलंस तिला?"

मी डॉक्टरीणबाईंकडं बघून विचारलं, "तेल चोळलं, त्यानं?"

"नाही."

"ओव्यानं?"

"नाही."

"माझ्या घागरीच्या पाण्यानं?"

"ताई, कशानंच नाही. आणि अक्का, तुम्ही बिदरला जायच्या आधीच पोट वाढलं होतं ना? मग ही पोरगी मधे कुठून आली? हिनं आणली म्हणून आजार कळला तरी."

अक्कांनी टोपलीवरचं लुगडं सारखं केलं. "खरं हाय," त्या हळू म्हणाल्या. "पोट बघून विभूती तर मीच लावली होती. औषध?"

"आज तरी आमच्याकडं नाही. श्वासाला त्रास झाला तर पाणी काढून देईन. जवळ घेऊन बसा."

आम्ही आळीपाळीनं बसलो. पाच-सहा दिवसांनी सकाळी तिनं अक्कांच्या मांडीवर जीव सोडला. परसात पुरल्यावर अक्कांनी त्या मातीवर तांब्याभर पाणी ओतलं. गल्लीतल्या बायका बघत होत्या. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं.

पुढं आम्ही पुण्याकडं आलो, घरापासून आणखी लांब. मग तो काळ आला, घरोघरी कोरोना हाच शब्द. आमच्या चाळीत लोक जिन्याखालच्या मांजरी पोत्यात भरून सोडायला निघाले होते. मी, कुणापुढं तोंड न उघडणारी, दारात उभी राहून म्हणाले, "मांजरींचा कोरोना निराळा असतो. तो त्यांचा त्यांनाच होतो. मी बघितलाय." कसं बघितलाय, ते सांगायला बसले तर पोतं बाजूला ठेवून माणसं ऐकत राहिली.

मांजरींच्या त्या रोगावर आता औषध निघालंय असंही ऐकते. डॉक्टरीणबाईंना ते आधीच कळलं असेल. त्यांची बदली कुठं झाली, मला माहीत नाही. त्यांना देण्यासारखं माझ्यापाशी काय असणार? पण आमच्या इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. पाऊस बरा झाला की पैनगंगा कड्यावरून अशी कोसळते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बाई, तुम्ही जिथं असाल तिथून मी तुम्हाला शोधून काढीन आणि एका श्रावणात तिथं घेऊन जाईन. आईच्या घरी ज्वारीची भाकरी खाऊ घालीन, दगडावर बसवीन, हवं तितका वेळ पाणी बघू देईन. हे मी करणार आहे.