एका घासाला एक पूल

डॉक्टर कांचन साठे पोरिरुआच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवते, असं कुणी कोल्हापुरात सांगितलं असतं, तर तिच्या सासूबाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण १९९६ साली न्यूझीलंडला डॉक्टर म्हणून येणं सोपं होतं आणि इथे डॉक्टरकी करणं महाकठीण. इथली परीक्षा पास होईपर्यंत भारतातली डिग्री म्हणजे भिंतीवर लावायचा कागद. पहिल्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली होती. आता गुरुवारी दुसरी खेप. ती हुकली तर तिसऱ्यांदा बसायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

अडचण होती हेंक आजोबांची. हा डच म्हातारा चाळीस वर्षं या देशात राहिला आणि उतारवयात इंग्रजी साफ विसरला. कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटून बसायचा. कांचन लग्नाआधी दोन वर्षं हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात शिकायला होती, आणि योगायोग बघा, आजोबाही तिथलेच. तिने पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या डचमध्ये चिऊकाऊचे घास सुरू केले. चिऊकाऊच्या जागी तिने तिथल्या कालव्यावरचे पूल घातले, एवढंच; एकेक पूल ओलांडत आजोबांच्या तिथल्या घराकडे निघायचं. हा घास मासळीबाजाराजवळच्या पुलाचा, हा फुलवाल्यांच्या पुलाचा. आजोबा शहाण्या बाळासारखे आ करायचे.

खरं सांगायचं तर त्या पुलांची भूक तिलाही होती. खालच्या धक्क्यावर, पाण्याच्या अगदी कडेला पाय सोडून बसलेली चोवीस वर्षांची कांचन, हातात कागदाच्या पुडीतले गरम बटाट्याचे काप, सायकल झाडाला टेकवलेली, आणि 'कुठे होतीस इतका वेळ' असं विचारायला कुणी नाही. तसं सुख तिला पुन्हा मिळालं नाही. म्हणून ती हे फिरणं कधी संपवायचीच नाही. एकेका पुलावर रेंगाळत चौथ्या पुलावर वाटी संपवायची आणि म्हणायची, "बाकीचं उद्या."

व्हायचं तेच झालं. आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातून घोटभर पाणीही घेईनात. मॅनेजर मार्गारेटने रजेचा अर्ज परत दिला. "तू नसलीस तर तो उपाशी राहील, लव्ह. परीक्षा काय, पुढच्या वेळी दे."

पुढची वेळ नाहीच, हे कांचनच्या तोंडून निघेना. नवरा म्हणाला, "सरळ आजारी पड." पडली असती हो, पण म्हातारा दिवसभर दाराकडे डोळे लावून बसेल, त्याचं काय? बाईने आपल्याच हाताने स्वतःला अडकवून घेतलं होतं. राग तरी कुणावर काढणार?

बुधवारी दुपारी तिने सुपाची वाटी घेतली आणि चौथ्या पुलावर थांबली नाही. पाचवा झाला, सहावा झाला. आजोबांची गल्ली आली, पायऱ्या आल्या. चमचा ती सावकाश भरू लागली, कारण हे फिरणं संपलं की तिचंही तिथलं जाणंयेणं संपणार होतं.

"पोचलो, आजोबा. घर आलं."

आजोबांनी खोलीभर नजर फिरवली. मग तिच्या हातातला चमचा घेतला आणि उरलेलं सूप स्वतः प्यायले. निम्मं सांडलं, पण प्यायले.

"तू कुठली गं पोरी?" त्यांनी विचारलं. "जा आता. तुझं काही काम असेल."

कांचनला रडू आवरेना. मग तोंड धुऊन ती मार्गारेटच्या ऑफिसात गेली. अर्ज तिने खिशातून काढलाच नाही.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली. "मी डॉक्टर आहे. माझी परीक्षा आहे."