कागदावरची गरिबी

मेम्फिसच्या दक्षिण भागात डेल्फिन टेटमची भाड्याची तीन घरं होती. वीस वर्षं शाळेची बस चालवून एकेक घेतलेली. बस सोडली तसा नोकरीतून मिळणारा आरोग्यविमाही गेला, आणि नेमका तेव्हाच उजवा खुबा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. विम्याशिवाय म्हणजे एक घर विकणं आलं. मधे फोनवरून एक स्वस्त योजना गळ्यात पडली होती. जुन्या दुखण्याचा खर्च देत नाही म्हणत त्या कंपनीने हात वर केले.

नोव्हेंबरात काठी टेकत ती वाचनालयात गेली. तिथे आयनेझ नावाची बाई सरकारी विम्याचे अर्ज फुकट भरून द्यायची. येत्या वर्षाचं उत्पन्न डेल्फिनने ऐटीत सांगितलं, नऊ हजार डॉलर. तिचा चुलतभाऊ रूफस कराचे कागद करायचा. घरांतले नवे फ्रीज, शेगड्या, गालिचे, सगळं तो एकाच वर्षाच्या खर्चात घालून कागदावरचं उत्पन्न खाली आणि कर शून्यावर आणायचा. भाडेघरवाल्यांत यालाच अक्कल म्हणतात, आणि रविवारी चर्चनंतर डुकराच्या भाजलेल्या बरगड्या खाताना डेल्फिन ती अक्कल मिरवायची.

आयनेझने चष्मा वर केला.

"मिस डेल्फिन, वर्षाला पंधरा हजारांच्या खाली उत्पन्न असेल तर विम्याच्या हप्त्याला सरकारी मदत मिळत नाही; त्याखालच्यांसाठीची योजना आपल्या राज्याने घेतलीच नाही. तुम्ही जरा जास्तच गरीब झालात."

हात दाखवून अवलक्षण! डेल्फिनला हसावं की रडावं कळेना. आयनेझनेच मग विचारलं, तो खर्च पाच वर्षांत वाटून दाखवता येत नाही का? येत होता. तसं केलं तर उत्पन्न साडेसोळा हजारांवर जात होतं.

रूफस ऐकेना. आपणहून कर भरणारी घरमालकीण त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"बाई, लोक हसतील मला."

"हसू देत. तुझ्या शून्यापायी मी दोन वर्षं लंगडतेय."

रूफसने कागद बदलले. विमा मिळाला, महिन्याचा हप्ता किराण्याच्या पिशवीएवढा. मार्चमध्ये खुबा बदलला, तिन्ही घरं तिचीच राहिली.

पुढच्या वर्षी एप्रिलात, बस सोडल्यापासून पहिल्यांदा, दीडेकशे डॉलर कर निघाला. मी टाकतो पोस्टात, रूफस म्हणाला. डेल्फिनने कराच्या चेकचं पाकीट दिलं नाही. चार गल्ल्या चालत जाऊन तिने ते स्वतः टाकलं. काठी घरीच राहिली होती.