कपाटावरचं अरबी वर्तमानपत्र

दुबईच्या विमानतळावर उतरल्यापासून मी पाट्या वाचत सुटलो होतो. अरबी पाट्या, त्याही मोठ्यानं. श्रीवर्धनच्या मदरशात लहानपणी घोटून घेतलेली अक्षरं ओळखीची निघत होती आणि माझी छाती फुगत होती. मला न्यायला आलेली माझी भाची सना शांतपणे म्हणाली, "मामू, तुम्ही आत्ता 'सामान इथे मिळेल' हे तिलावतच्या (कुराणपठणाच्या) सुरात वाचलंत."

मी निवृत्त मराठी शिक्षक. अरबी घडाघडा वाचतो, पण अर्थ विचाराल तर शून्य. सनाचं संशोधन नेमकं आमच्यासारख्यांवर होतं. लहानपणापासून अरबी वाचणारी कोकणी माणसं इथे उभा जन्म काढतात, तरी अरबी बातम्या त्यांना का कळत नाहीत? तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा अल ऐनच्या विद्यापीठात होती. आमच्या खानदानात इतकं कोणी शिकलेलं नाही. मी मिरवायलाच आलो होतो, खोटं कशाला सांगू?

दुबईच्या करामा भागात माझ्या बहिणीच्या, हलिमाच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण तयार होतं. जेवताना माझं लक्ष कपाटाकडे गेलं. वर अरबी वर्तमानपत्रांची चळत छताला टेकली होती. हलिमाचे यजमान इस्माईलभाई देरा या बाजारपेठेच्या भागात एका व्यापारी ऑफिसात आहेत. तिथे येणारा पेपर कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ते घरी घेऊन येतात.

"रद्दीत नाही देत?" मी विचारलं.

"अरबी अक्षरं आहेत, मास्तर, कुराणाचीच. रद्दीत कशी टाकायची?"

"अब्बा, त्यात टायरची जाहिरात आहे," सना म्हणाली. "इट्स जस्ट अ न्यूजपेपर."

इस्माईलभाईंचं खरं दुखणं निराळंच होतं. "ही तिकडे अरबांना सांगणार की आपल्या लोकांना काही समजत नाही," ते मला म्हणाले. "इतकी वर्षं इज्जतीनं राहिलो इथे. आता घरच्याच पोरीनं हसं करायचं?"

सना उठून आत गेली.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत सगळ्यांत आधी इस्माईलभाईच बसले. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना तांबूस वाळू सुरू झाली. मधूनच गाफचं (वाळवंटातल्या शमीसारख्या झाडाचं) एखादं एकटं झाड. करक (दाट दुधाचा मसाला चहा) प्यायला थांबलो, तर मल्याळी दुकानदारानं समोसे अरबी पेपरावर ठेवून पुढे केले. "यल्ला (चला) भाई, गरम है." इस्माईलभाईंनी कढत समोसे उघड्या तळहातावर घेतले, पेपर पुसला, घडी केली आणि गाडीत काचेपाशी उंचावर ठेवला. तळहात पोळला, पण गडी हूं की चूं करेना.

"प्लीज अब्बा, तिथे असं काही करू नका," सना म्हणाली. आज परीक्षकांचं समाधान झालं नाही तर प्रबंध परत येणार होता.

अल ऐनला खजुरीच्या बागांची गर्द सावली आणि फलजमधून (पाण्याच्या जुन्या पाटातून) वाहणारं पाणी पाहून मला क्षणभर कोकणच आठवलं. विद्यापीठाच्या दालनात सना उभी राहिली आणि झकास बोलली. मी शेजारच्या अनोळखी माणसाला उगाचच सांगितलं, "माय नीस."

मग काळा अबाया घातलेल्या मुख्य परीक्षक बाईंनी इंग्रजीत विचारलं, "पेपर रोज या कोकणी लोकांच्या घरात येतो. अक्षरं यांना येतात. शब्दसंग्रह कमी, एवढ्या तुझ्या निष्कर्षानं माझं समाधान होत नाही. हे लोक अर्थ विचारतच का नाहीत?"

सनानं पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर कोणीतरी अरबी पेपर अंथरला आणि त्यावर खजूर नि गहव्याची (अरबी कॉफीची) किटली मांडली. इस्माईलभाई उठले. मी शर्ट ओढला, पण उपयोग झाला नाही. भर सभेत त्यांनी खजूर नि किटली बाजूला ठेवली, पेपर काढून घेतला, डोळ्यांना लावला आणि शेजारच्या पुस्तकांच्या कपाटावर टाचा उंचावून ठेवला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

परीक्षक बाईंनी हिंदीत विचारलं, "बाबा, उसमें क्या लिखा है?"

"मालूम नहीं, मॅडम."

"फिर ऊपर क्यों रखा?"

"अक्षर तो वही हैं ना."

सना माफी मागेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "हे माझे वडील आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं हेच उत्तर आहे. आमच्या घरी ही अक्षरं माहिती देत नाहीत, ती मान घेतात. मान द्यायच्या वस्तूला अर्थ विचारायची आम्हांला सवय नाही. मी हे रोज बघत होते आणि लिहायला लाजत होते. आता लाजत नाही."

बाईंनी मान डोलावली. प्रबंध मंजूर झाला, फक्त त्यात हे एक प्रकरण वाढवायचं होतं. नंतर त्यांनी स्वतः इस्माईलभाईंना गहव्याचा पेला दिला. तेव्हा मेहुण्यांची ताठ मान पाहून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

परतीच्या वाटेवर इस्माईलभाईंनी काचेपाशी ठेवलेला तेलकट पेपर काढून सनापुढे धरला. "सांग बघू, काय लिहिलंय." ती वाचून मराठीत सांगत गेली. करामा येईपर्यंत त्यांनी तिला थांबू दिलं नाही.

तोच पेपर मी भारतात परत निघताना त्यांनी माझ्या बॅगेत घातला. तो आता श्रीवर्धनला माझ्या कपाटावर, उंचावरच आहे. शेजारी विचारतात, काय आहे त्यात? पूर्वी मी "अरबी आहे" एवढंच म्हणालो असतो. आता सांगतो, यंदा अल ऐनला खजूर भरघोस आलाय, आणि हे मला माझ्या भाचीनं वाचून दाखवलंय.