मैनेचे खूर आणि मी

घोडीचे खूर माणसाने स्वतः कापू नयेत, असं कुठेही लिहून ठेवलेलं नाही. ठेवायला हवं होतं. निदान जावयांसाठी तरी.

घोडी माझी नव्हे. मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. मैना माझ्या सासऱ्यांची. उमरखेडच्या आसपासचे निम्मे नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेलेत. (मी तिच्या आईच्या पाठीवर बसून गेलो. लगाम खुद्द सासऱ्यांच्या हातात होता, त्यामुळे परत फिरायची सोय नव्हती.) गेल्या हिवाळ्यात मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. ते शहरात मुलाकडे राहायला गेले आणि मैना टेम्पोत बसून आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आली.

जाताना मामाजींनी एकच काम सांगितलं होतं. दर दीड महिन्याला तिचे खूर कापून घ्यायचे. पुसदचे गफूरभाई नालबंद तीस वर्षांपासून मैनेचे आणि तिच्या आईचे पाय करत आलेले. यवतमाळकडेही त्यांची फेरी असते. मी फक्त फोन करायचा.

तो फोन मी केला नाही. का केला नाही, ते मला आजही सांगता येत नाही. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं. दीड महिन्याने मामाजींनी विचारलं, "गफूरभाईले सांगतलं ना?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. मी खोटं बोलणारा माणूस नाही हो! कंडक्टर विसरला तर मी तिकीट मागून घेतो. पण एक "हो" बाहेर पडला, की त्याला सोबत लागते. पुढच्या फोनवर मी गफूरभाईंना घरी आणलं. त्याच्या पुढच्या फोनवर त्यांना चहा पाजला. ज्या माणसाला मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्याने मैनेच्या पाठीवर हात फिरवून "अजून दहा वर्षं पाहाले नाई लागत" असं म्हटल्याचंही मी मामाजींना ऐकवलं.

यावर पलीकडे कोणीतरी खोकलं. मग मामाजी म्हणाले, "असं? बरं. रविवारी येतो मंग घोडी पाहाले."

तो गुरुवार होता.

मी मागे जाऊन मैनेचे पाय पाहिले. तीन महिन्यांत तिचे खूर पुढून मोजडीच्या टोकासारखे वर वळले होते. ती चालायची तीसुद्धा नव्या चपला घातल्यासारखी, जपून. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मान मी खाली घातली.

गफूरभाईंचा फोन बंद. दुसरा एक नालबंद सापडला, त्याने पंधरा दिवसांनंतरची वेळ दिली. माझी बायको सुनंदा सगळं जाणून होती. ती म्हणाली, "बाबांले खरं सांगून टाका." मी म्हटलं, ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का कशाला द्यायचा? ती म्हणाली, "त्यायचा खुबा बदलला, काळीज नाई बदललं." मी ऐकलं नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ शोधले.

व्हिडिओत सगळं सोपं असतं. टोपीवाला गोरा माणूस घोड्याचा पाय मांडीत धरतो, आणि कलिंगडाची फोड कापावी तसा खूर कापतो. घोडा झोपलेला असतो. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. कारखान्यातल्या फिटरकडून कानस मागून आणली. (तो म्हणाला, "ग्राइंडर नेता का, साहेब? दोन मिनिटांत होते." यावर मी क्षणभर विचार केला, हेही कबूल करतो.) चपला शिवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून चामडं कापायची रापी आणली. ती देताना तो मला म्हणाला, हात सांभाळा. घोडीचं काही बोलला नाही.

शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात उभा राहिलो, तर कुंपणावर बबनराव. हे आमचे शेजारी. घरी दोन बैलजोड्या, आणि जगातल्या सगळ्या चार पायांच्या प्राण्यांबद्दल एकच मत.

"पाडल्याशिवाय होत नाई," ते म्हणाले.

बैलाला नाल ठोकायचे तर दोर बांधून आडवा पाडतात, हे आमच्याकडे सगळ्यांनीच पाहिलेलं. मी म्हटलं, बबनराव, घोड्याला उभ्यानेच करतात. त्यांनी विचारलं, कोण म्हणते? मी मोबाइल दाखवला. त्यांनी गोऱ्या माणसाकडे नीट पाहून घेतलं. "याच्या घरी बैल नसन," म्हणाले, आणि कासरा आणायला गेले.

कासरा मैनेच्या पोटाभोवती फिरला, मागच्या पायाजवळून निघाला, आणि त्याचं टोक बबनरावांनी माझ्या हातात दिलं. "मी म्हनलं की ओढा." ते म्हणाले, मी ओढला. बैल या ठिकाणी गुडघे टेकतो म्हणे. मैना कासऱ्यातून एकेक पाय काढून बाहेर आली, जसं कोणी साडीच्या निऱ्या सावरत नाली ओलांडावी, आणि सुनंदाच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. कासरा एकदम सैल पडल्यामुळे मी पाठीवर पडलो. पाडायचं काम तेवढं झालं!

"तुम्ही खूर कापाचे सोडून माह्यं नाक कापून राह्यले," सुनंदा मेथीकडे बघत म्हणाली.

मग मी व्हिडिओवर भरवसा ठेवला. मैनेचा पुढचा डावा पाय ओढून वर घेतला, दोन्ही गुडघ्यांत धरला. तिने विरोध केला नाही. तिने फक्त त्या बाजूचा सगळा भार माझ्यावर टाकला. तीन पायांवर उभं राहण्यापेक्षा तीन पाय आणि एक स्टोअरकीपर, हे तिला सोयीचं वाटलं असावं. माझी कंबर कुठेतरी वाजली. तशात ती माझा शर्ट मागून चावत होती. तरी मी रापी चालवली आणि खुराची एक पातळ चकती निघाली. दुसरी निघाली. मला वाटलं, जमलं! आपल्या हातात काहीतरी आहे!

तेवढ्यात बबनरावांचा फोन वाजला. त्यांच्या फोनला बँडची धून आहे, ढोलताशासकट.

वरातीच्या घोडीला बँड ऐकू आला की काय होतं, ते मी सांगायला नको. मैनेने मान उंचावली आणि ठेका धरून चालायला लागली. तिचा पाय माझ्या गुडघ्यांत होता, म्हणून मीही चाललो, उलटा, वाकलेला, रापीसकट. बबनरावांना खिशातून फोन निघेना. आमची वरात मेथीपासून संडासाच्या टाकीपर्यंत गेली. फोन बंद झाला तेव्हा मैना लगेच थांबली. माझा हात थांबला नाही.

खुराच्या कडेला गुलाबी रंग दिसला. मग लाल. एक थेंब.

एकच होता. पण मी रापी खाली ठेवली. त्या जनावराने तीन महिने माझी थाप पायाखाली वागवली होती, आणि आता तिचं रक्तही मीच काढलं. सुनंदाने हळद आणून दाबली. मी मैनेला म्हटलं, "माफ कर." बबनराव म्हणाले, "बैल असता तं लात मारली असती." तिने मारायलाच हवी होती.

रविवारी दुपारी जीप आली. मामाजी काठी टेकत उतरले. सोबत काळा चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ होते. दवाखान्यातली ओळख असेल, असं समजून मी त्यांना नमस्कार केला, खुर्ची दिली. मामाजी थेट मैनेकडे गेले. तीन खूर मोजडीसारखे, चौथा उंदराने खाल्लेल्या साबणासारखा, वर हळद.

"कोण केलं हे, जवाईबापू?"

इथे देवाने मला शेवटची संधी दिली होती. सुनंदा दारातून डोळे वटारत होती. मी म्हणालो, "गफूरभाई येऊन गेले ना. मंगळवारी. घाईत होते जरा. एकच पाय झाला."

"चहा घेतला त्यानं?" मामाजींनी विचारलं.

"दोनदा."

मामाजी त्या चष्मेवाल्या गृहस्थांकडे वळले. "काहून रे गफूर, दोनदा चहा घेतला अन् एकच पाय केला?"

ते गृहस्थ खोकले. तो खोकला मी फोनवर ऐकला होता. "मेरे को तो याद नहीं, पाटील," ते म्हणाले. "मंगळवारी मी शहरात तुमच्याच घरी, पलंगाजवळ होतो. आँख का ऑपरेशन करून."

त्यानंतर मी जे बोललो ते सगळं खरं होतं, आणि बराच वेळ बोललो. पहिल्या "हो"पासून कासऱ्यापर्यंत. मामाजींनी मध्येच हात वर करून थांबवलं. "माह्यी फसवणूक चालते," ते म्हणाले. "मी माणूस आहे, मले सवय आहे. तिले काय सांगान?"



गफूरभाईंनी जखम बोटाने चाचपली. वरवरची आहे, आठ दिवस कोरड्यात बांधा, म्हणाले. बाकीचे खूर मात्र आजच व्हायला हवेत. पण डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना वाकायची मनाई, आणि खुब्यामुळे मामाजींना. दोघे खुर्च्या ओढून बसले आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

साडेतीन तास! "पाय ओढाचा नसते जवाईबापू, मांगाचा असते," गफूरभाई म्हणाले. त्यांनी सांगितलं तसं मी घोट्यामागची शीर दोन बोटांनी हळूच दाबली, तर मैनेने स्वतःहून पाय उचलून हातात दिला. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी कंबर मोडून घेतली होती. बाहेरची कड काप, तळव्याला हात लावू नको, आता कानस, सपाट, सपाट म्हणजे काय समजते का? सूर्य कलला तेव्हा खूर खुरासारखे दिसत होते आणि मी मोजडीच्या टोकासारखा.

मैना चालली, जरा दबकत, पण सरळ. मामाजी जाताना एवढंच म्हणाले, घोडी इथेच राहू द्या, आता तुम्हाला येते.

तेव्हापासून दर दीड महिन्याला खूर मीच कापतो. चुकवत नाही, ओढत नाही, मागतो. मामाजींचा फोन बरोबर त्याच दिवशी येतो. विचारतात, खूर झाले का? मी म्हणतो, हो मामाजी, चारही झाले, आत्ताच झाले, देवाशपथ झाले.

"बरं," ते म्हणतात. "फोन जरा घोडीले द्या."