इंजिनावरची तारीख

वडिलांच्या गाडीसारखी जुनी अमेरिकन गाडी अख्ख्या नांदेडात कुणाकडे नव्हती. सरकारी ड्रायव्हर असताना त्यांनी ती भंगारातून उचलली आणि तीस वर्षं जपली. लकव्याने उजवा हात गेला, तेव्हा विकायचं ठरलं. घेणाऱ्याने भाग अस्सल आहेत का ते बघायला हैदराबादहून जाणकार पाठवला.

अर्धा दिवस तपासून तो मला म्हणाला, "ताई, इंजिन या गाडीचं नाही. इंजिनाचं लोखंड साच्यात ओतलं त्या दिवसाची तारीख त्यावर असते. इथली तारीख गाडी बनल्याच्या दोन वर्षं नंतरची आहे."

वडिलांनी ते ऐकलं. गाडी आमच्याकडे आल्यापासून इंजिन एकदाच उतरवलं होतं, लातूरला, त्यांच्या मिस्त्री मित्राच्या गॅरेजात. ते काका आमच्या घरचेच झाले होते. माझ्या लग्नात पंगत त्यांनीच वाढली होती.

"काकांना फोन लावून विचारू का, त्यांनी बदललं का म्हणून?" मी म्हटलं.

"न्हाई, इचारू नको. हाव म्हणला तर मी काय करू?"

पुढच्या आठवड्यात काका भेटायला आले. वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काका तासभर उशाशी बसले. निघताना मला म्हणाले, "माझं काय चुकलं, बाई?" मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आले.

गाडी आमच्याकडे यायच्या आधीच कुणी इंजिन बदललं असेल, हे मला नंतर सुचलं. वडिलांना तसं सांगितलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन महिन्यांनी वडील गेले. काका आले, पण फाटकाबाहेरच उभे राहिले. वडिलांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांना आत या म्हणायला माझी जीभ रेटली नाही.