झोपेचा तास

आमच्या गल्लीत बाईंना मागून 'झोपबाई' म्हणतात. समोर म्हणायची कोणाची टाप नाही, आणि मी जवळपास असले तर मागूनही म्हणू नये. एकदा किराणावाले काका म्हणाले, "तुमच्या झोपबाईंची मजा आहे बाबा, पोरं झोपवायचा पगार घेतात." मी म्हटलं, "काका, दुकान बंद करून दोन पोरं झोपवून दाखवा, मग बोला." तेव्हापासून ते मला सगळ्यांत शेवटी सामान देतात. गेले उडत.

बाई बालवाडी चालवतात. वर पत्रा, खाली सतरंज्या, एक खोली, तीन ते सहा वर्षांची बावीस पोरं. साडेआठला दार उघडतं आणि पहिला तास झोपेचा. गाणी, आकडे, रंग, सगळं साडेनऊनंतर.

दारात बाई प्रत्येकाला एकच विचारतात, "आज कोणी उठवलं?"

पोरांना घड्याळ कळत नाही, पण हे पक्कं सांगता येतं. "नळाने" म्हणजे चार वाजता, पाणी भरायला अख्खं घर उठलं. "भोंग्याने" म्हणजे पाच, आई कारखान्यात गेली. "बाबांनी" म्हणजे रात्रपाळीहून बाबा आले आणि अंथरूण एकच. "बाळाने" म्हटलं की काही विचारायलाच नको. बाई हे हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहितात आणि नळवाल्यांना भिंतीकडेला टाकतात, कारण ते सगळ्यांत उशिरा उठणार. "मी आपोआप उठलो" म्हणणारा एखादाच असतो. त्याच्याकडे बाकीचे असे बघतात जसं काही त्याच्या घरी हत्ती पाळलाय.

हे बाईंना कोणी शिकवलं? मी.

खरंच. मी चार वर्षांची होते, बाई नव्या होत्या आणि कडक होत्या. गाणं चालू असताना मी झोपले म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं. मी उभ्या उभ्या झोपले आणि धाडकन पडले. हनुवटीला तीन टाके. संध्याकाळी बाई आमच्या खोलीवर आल्या. आईला वाटलं, आता नाव काढून टाकतात. बाईंनी विचारलं, "ही झोपते कुठे?" आईने शिलाई मशीनखाली बोट दाखवलं. आई पहाटेपासून मशीन चालवायची, पायडल माझ्या डोक्यापासून वीतभर लांब. बाई खाली वाकल्या, तिथे नीट बघितलं, आणि मग मला म्हणाल्या, "माझं चुकलं गं." आईला नाही म्हणाल्या. मला म्हणाल्या. त्यानंतर आयुष्यात कोणत्याही मोठ्या माणसाने माझी माफी मागितलेली नाही. मोठ्या शाळेत तर सोडाच. तिथेही मी झोपायचे, तिथे मला 'म्हैस' म्हणायचे, आणि आठवीत मी त्यांना रामराम ठोकला.

आता मी लाँड्रीत इस्त्री करते. दर सोमवारी बालवाडीच्या चादरी धुऊन मी स्वतः नेऊन देते. म्हणून तपासणीवाल्या मॅडम आल्या तेव्हा मी तिथेच होते, हातात चादरींचा ढीग घेऊन.

या तपासणीवर सगळं अडलं होतं. मॅडमनी मान्यता दिली तर खोली आणि बाईंचा पगार पुढे चालू. नाही दिली तर बालवाडी बंद. मग पोरांना जायचं तर हायवेच्या पलीकडे. आणि भोंग्याला गेलेली आई पोराला हायवे ओलांडून द्यायला येणार कशी?

मॅडम यायच्या होत्या अकराला. आल्या नऊला. बावीसच्या बावीस आडवी.

"हे काय चाललंय?"

"झोपेचा तास," बाई म्हणाल्या. "जरा हळू बोलाल का?"

मॅडम हळू बोलल्या, हे मी कबूल करते. पण बोलल्या काय, तर "यांना झोपायला घर नाही का?"

"घर आहे. झोप नाही."

"उठवा दोघातिघांना. एक कविता म्हणू दे, मी लिहून टाकते आणि जाते."

मला वाटलं, सुटलो! बाईंनी एक पोर जरी हलवलं असतं तरी काम झालं होतं. बाईंनी मॅडमसमोर स्टूल ठेवलं. "अर्ध्या तासात उठतील. मग हव्या तेवढ्या कविता ऐका."

"मला अजून चार ठिकाणी जायचंय हो."

"मग हे बघा." बाईंनी हजेरीपटाचं मागचं पान उघडलं. मॅडमनी चष्मा लावून वाचलं. नळ, नळ, भोंगा, बाबा, नळ, बाळ. बराच वेळ वाचलं. मग म्हणाल्या, "बाई, मला कळतंय. पण फॉर्ममध्ये याला रकाना नाही." आणि त्यांनी एक कागद लिहून दिला : यापुढे वर्गात मुलांना झोपू देणार नाही, असं मी लिहून देते. खाली सहीला जागा. चार वाजेपर्यंत ऑफिसात आणून द्या, मान्यता मिळेल.

जेवणाच्या सुट्टीत मी धावत पुन्हा गेले. पोरं घरी गेली होती. बाई कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"करा ना सही," मी म्हटलं. "कोण बघायला येतंय रोज? सही करायची आणि झोपवायचं. वर्षातून एकदा त्या येणार, त्या दिवशी नाचवू पोरांना."

"चोरून?"

"चोरून तर चोरून!"

"चोरून झोपायला ती काय चोर आहेत?" बाईंचा आवाज चढला. माझ्यावर त्या कधी ओरडत नाहीत. "मी एकदा लिहून दिलं ना, की मग झोपलेलं पोर चुकलेलं पोर होतं. उद्या दुसरी बाई आली तर कोपऱ्यात उभं करायला मोकळी. तुला कळतंय का मी काय सांगते?"

मला कळत होतं. पण मला त्यांची नोकरीही दिसत होती. घरात एकट्या, पन्नाशी उलटलेली, दुसरं काय करणार होत्या? त्यांनाही ते दिसत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, मॅडमनी लिहिलेलं ते वाक्य खोडलं, एक सरळ रेघ, आणि खाली लिहिलं : दमलेल्या मुलाला शिकवता येत नाही, म्हणून माझ्या वर्गात मुलं आधी झोपतील. मग सही, तारीख. तो कागद ऑफिसात मीच नेऊन दिला. वाटेत दोनदा वाटलं, फाडून टाकावा आणि म्हणावं हरवला. नाही फाडला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मान्यता नाही. पहिल्या तारखेला खोलीला कुलूप.

त्या दिवशी मी मालकांपुढे जाऊन उभी राहिले. आमच्या लाँड्रीची वरची खोली सकाळी रिकामी असते. हॉटेलच्या चादरी आठच्या टेम्पोने जातात, नवा माल बाराला येतो.

"इथे बालवाडी?" मालक म्हणाले. "पोरांनी मुतलं तर?"

"मालक, ही लाँड्री आहे."

ते हसले, मग हसणं आवरून 'बघू' म्हणाले. मी म्हटलं, बघू नका, नाहीतर उद्यापासून हॉटेलचे शर्ट तुम्हीच इस्त्री करा. माझ्यासारखी कॉलर त्यांच्याकडे दुसरं कोणी करत नाही. किल्ली मिळाली.

सगळं गोड झालं असं समजू नका. बावीसपैकी तेराच पोरं येतात. बाकीच्यांच्या आयांना मान्यतेचा कागद हवा, नाहीतर पुढे पहिलीत घेणार नाहीत अशी भीती. त्यांचं काही चुकत नाही, तरी मला राग येतो. बाईंना पगार नाही. दुपारी त्या तळमजल्यावर माझ्या शेजारी चादरींच्या घड्या घालतात, आणि वाईट घालतात. मी उलगडून पुन्हा घालते, त्यांना दिसणार नाही अशा बेताने.

मान्यतेसाठी आतापर्यंत तीन अर्ज केले. तिन्ही परत आले. तिसऱ्यावर कोणीतरी पेन्सिलने लिहून पाठवलं होतं की झोपेचं ते पहिलं वाक्य काढलं तर विचार करता येईल. बाई म्हणाल्या, "ठेव ते बाजूला, नवा कागद घे."

चौथा अर्ज मी लिहितेय. आठवीतून पळालेल्या मुलीचं शुद्धलेखन ते, बाई शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ सांगतात आणि मी खाडाखोड करते. पहिलं वाक्य मात्र मी न विचारता लिहिलं, जाड पेनाने : दमलेल्या मुलाला शिकवता येत नाही, म्हणून आमच्या वर्गात मुलं आधी झोपतील.

बाईंनी वाचलं. "'माझ्या' लिहिलं होतं मी. तू 'आमच्या' केलंस."

"मग? खोडू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "खाली तुझी पण सही कर."