नव्या गेमबद्दल माझं मत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि माझं अक्षर तर वाण्यालाही लागत नाही. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर त्याने सांभाळून घ्यावं.

लग्न होऊन दिंडोशीला आले तेव्हा दीर कॉलेजात होता. त्याला गेममध्ये दुसरा खेळाडू हवा होता आणि मला माणसांशी बोलायची लाज वाटायची, म्हणून मी रिमोट हातात घेतला. राक्षसांची लाज वाटत नव्हती.

डिस्क फुटपाथवरची, त्यातलं बोलणं सगळं जपानी. मग गोष्ट आम्हीच ठरवली. तेव्हा गावच्या घरावरून चुलत्यांशी कोर्टकचेरी चालू होती. त्यामुळे तलवारवाला हिरो आपल्या घरासाठीच लढतोय, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शिंगवाला राक्षस म्हणजे थोरला काका. त्याला मारलं की एक मोठं दार उघडायचं. सासूबाई वाती वळता वळता विचारायच्या, "मेळला काय गो तेका घर?"

यंदा तोच गेम नव्याने बनवून आला. दीर आता अंधेरीच्या ऑफिसात साहेब आहे, पण तो गेम चालेल असं मशीन घ्यायला त्याला पैसे कमी पडत होते. माझी भिशी नुकतीच लागली होती. ते पैसे मी पिको-फॉलच्या मशीनसाठी ठेवले होते.

"दे ना वहिनी. जुन्यापेक्षा भारी नाही निघाला तर सगळे पैसे परत. भारी निघाला तर मशीन दोघांचं, हिशेब संपला."

मला नाही म्हणता येत नाही. दिले. म्हणजे माझं पिको-फॉल आता माझ्या मतावर अडलं, आणि भाजीतल्या मिठापलीकडे माझं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसले. नव्या हिरोला दाढी होती आणि तो हिंदी बोलत होता. फार बोलत होता. मग समुद्राकाठी बसून रडायला लागला. मी बटणं दाबत राहिले, तो रडत राहिला. मारामारी आली तर कुठलं बटण दाबायचं तेही पडद्यावर लिहून येत होतं. आणि शिंगवाला निघाला त्याचा गुरू.

"जग वाचवायला निघालाय तो," दीर म्हणाला.

"आणि घर?"

"घर कधीच नव्हतं गं. जुन्यातपण तो जगच वाचवत होता. मी नेटवर वाचलं."

सासूबाई म्हणाल्या, "मगे काकाक इतकी वर्सा उगाच मारल्यात?"

"ते सोड आई. वहिनी, झकास आहे ना?"

"तिला काय विचारतोस," आमचे हे म्हणाले. "ती हो म्हणणार."

मी रिमोटकडे बघत बोलले. "दिसायला छान आहे. पाणी तर खरं वाटतं. पण जुन्यात मी हरले तर चूक माझी असायची. यात जिंकले तरी मी काय केलं ते कळत नाही. जुनाच भारी."

मग दीर म्हणाला, "एवढं बोलता येतं तुला? वाट लावलीस यार."

पहिल्या पगाराला त्याने अर्धे दिले. मधे दोनदा येऊन सांगून गेला, "पुढे तो रडत नाही गं, एकदा बघ तरी." मी बघितलं. पुढेही रडत होता. दुसऱ्या पगाराला उरलेले सगळे पैसे त्याने ओट्यावर आणून ठेवले.